मदत हवी आहे: वडिलांचे एचएस-सीआरपी ८.६, अँजिओग्राफीत मात्र मध्यम अडथळे; आजाराची तीव्रता कशावरून समजायची?

सर्वांना नमस्कार.

माझे वडील (वय ६७) एसटीच्या कार्यशाळेतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. गेल्या महिन्यात घरासमोरचा चढ चढताना त्यांच्या छातीत आवळल्यासारखे होऊ लागले. दोन मिनिटे थांबले की बरे वाटायचे. टीएमटी (पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) पॉझिटिव्ह आली, म्हणून मनगटातून अँजिओग्राफी केली. एलएडी या हृदयाच्या डाव्या धमनीच्या मधल्या भागात ५० ते ६० टक्के अडथळा, उजव्या धमनीत ४० टक्के आणि सर्कमफ्लेक्स या तिसऱ्या धमनीत किरकोळ अनियमितता, असे अहवालात लिहिले आहे. त्याच वेळी एलएडीमध्ये दाब मोजणारी तार घालून एफएफआर (अडथळ्याच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट, ते गुणोत्तर) काढला, तो ०.८६ आला. हा आकडा ०.८० च्या वर असल्यामुळे तूर्त स्टेंटची गरज नाही, औषधांवर ठेवू, असे डॉक्टरांनी सांगितले. ॲस्पिरिन ७५, रोझुव्हास्टॅटिन २० आणि मेटोप्रोलॉल सुरू आहे.

इथपर्यंत सर्व समजले. घोळ झाला तो रक्ताच्या अहवालामुळे. अँजिओग्राफीच्या तीन दिवस आधी एका पॅकेजमधून रक्ततपासणी केली होती, त्यात एचएस-सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे रक्तातले प्रथिन) ८.६ आले आहे. अहवालावर लाल पट्टी असून तिच्याखाली ‘३ पेक्षा जास्त : उच्च धोका’ असे छापले आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत हीच तपासणी केली होती, तेव्हा ०.४२ आले होते. म्हणजे वर्षभरात वीसपट वाढ झाली, असा आमचा हिशेब आहे. भाच्याने आणखी एक भर घातली. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल ७८ आणि लिम्फोसाइट १६ टक्के आहेत, त्यांचे गुणोत्तर ४.९ येते, आणि हे गुणोत्तर जितके अधिक तितका करोनरी धमन्यांचा आजार गंभीर, असे त्याने कुठेसे वाचले आहे.

वडिलांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो. “इंजिन ऑइल काढलं आणि त्यात चकाकता कीस दिसला, की आत बेअरिंग खातंय हे इंजिन न उघडता कळतं. माझ्या रक्तात कीस दिसतोय आणि डॉक्टर म्हणतायत इंजिन ठीक आहे.” त्यांना खात्री वाटते की अँजिओग्राफीत काहीतरी निसटले आहे आणि ती दुसरीकडे पुन्हा करावी.

याच्या नेमके उलटे उदाहरण आमच्या शेजारच्या काकांचे आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या तिन्ही धमन्यांमध्ये अडथळे निघून बायपास झाली, आणि आता त्यांचे एचएस-सीआरपी ०.७ आहे. आपला आजार विझला असे ते म्हणतात आणि पाय दुखतात म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) बंद करण्याच्या विचारात आहेत.

दाह दाखवणाऱ्या या आकड्यांवरून धमन्यांच्या आजाराची तीव्रता खरोखर ठरते का, आणि ठरत असेल तर या दोन माणसांचे आकडे असे उलटसुलट का, हे कोणी समजावून सांगू शकेल का? डॉक्टरांना विचारले होते. “त्याची काळजी करू नका” एवढेच उत्तर मिळाले आणि बाहेर पुढचे पेशंट उभे होते.

प्रतिसाद : पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणारी सभासद

सर्वप्रथम दोन्ही अहवालांवरील एकक पाहा. सीआरपी काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटर या एककात देतात, तर काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर असतात, त्यामुळे ०.४२ हा आकडा प्रति डेसिलिटर असेल तर तो ४.२ मिलिग्रॅम प्रति लिटर होतो. आमच्या काउंटरवर दर आठवड्याला कोणी ना कोणी या दहापटीच्या चुकीने एक तर घाबरून येते किंवा निर्धास्त होऊन जाते. आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि एकक त्याच्या शेजारी मुंगीएवढे, हा दोष आमच्या बाजूचाच आहे.

दुसरे असे, की रक्त दिले त्या सुमारास वडिलांना सर्दी, ताप, लघवीची जळजळ, जखम, दात-हिरडीचा त्रास, गुडघ्याची सूज यांपैकी काही होते का, किंवा एखादी लस घेतली होती का? सीआरपी यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह झाला तरी वाढते. ते १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडले ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. हृदयाशी त्याचा संबंध पुष्कळ नंतर जोडला गेला. जंतुसंसर्गात ते शंभराच्या पुढेही जाते. १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा जास्त मिलिग्रॅम प्रति लिटर हे कप्पे अमेरिकेत २००३ मध्ये ठरवले गेले, आणि त्याच शिफारशीत असेही म्हटले होते की माणूस बरा असताना, सुमारे दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी, आणि आकडा १० च्या वर असेल तर तो बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधावा. अहवालावर कप्पे छापले जातात, ही अट छापली जात नाही.

न्यूट्रोफिल ७८ हा आकडाही मला संसर्गाकडेच बोट दाखवणारा वाटतो.

धागाकर्ता

आपला प्रतिसाद वाचून गेल्या वर्षीचा अहवाल पुन्हा काढला. एकक प्रति डेसिलिटर आहे. म्हणजे ४.२ वरून ८.६, वीसपट नव्हे तर दुप्पट. एक वर्ष आम्ही तो कागद ‘उत्तम’ म्हणून जपून ठेवला होता!

संसर्गाबद्दल वडिलांना विचारले तेव्हा त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितले. आईने मात्र स्वयंपाकघरातून सांगितले की महिनाभर ते उजव्या बाजूने जेवत नाहीत, आणि रात्री दाढेवर लवंगेच्या तेलाचा बोळा धरून झोपतात. टॉर्च लावून पाहिले तर खालच्या दाढेशेजारी हिरडी फुगलेली आहे आणि दाबल्यावर पू येतो. छातीच्या गडबडीत दाढेचे काय सांगायचे, असे त्यांना वाटले.

प्रतिसाद : हृदयरोग विभागात काम केलेला सभासद, एमडी मेडिसिन

मी रुग्णाला तपासलेले नाही, तेव्हा हे उपचार म्हणून नव्हे, तर समजून घेण्यासाठी वाचावे.

वडिलांची ऑइलमधल्या किसाची उपमा मला फार आवडली, आणि गोंधळ कुठे आहे हेही तीच नेमके दाखवते. कीस हा बेअरिंगचाच तुकडा असतो. तो दिसला म्हणजे झीज झाली, हा पुरावा आहे. सीआरपी हा धमनीचा तुकडा नाही. ते यकृतात तयार होते, तेही इंटरल्यूकिन-६ नावाच्या रेणूचा निरोप पोहोचल्यावर, आणि तो निरोप दाढेतून निघाला, सांध्यातून निघाला, पोटाच्या घेरातील चरबीतून निघाला की धमनीतून, हे यकृताला कळत नाही. वडिलांना सांगायचे झाले तर सीआरपी म्हणजे कीस नव्हे, तर गाड्यांनी भरलेल्या शेडमधला धूर. कुठेतरी काहीतरी जळते आहे एवढे त्यावरून कळते. कोणत्या गाडीत, ते शेडमध्ये फिरून पाहावे लागते. अर्थात अशा उपमांना मर्यादा असतात आणि ही मी जास्त ताणणार नाही.

आता मूळ प्रश्न. ‘तीव्रता’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि तिथेच घसरतो. एक म्हणजे अडथळे किती, कुठे आणि किती टक्के. हे अँजिओग्राफीवरून मोजतात. त्यासाठी गेन्सिनी आणि सिंटॅक्स असे गुणांक आहेत. सिंटॅक्समध्ये २२ पर्यंत कमी, २३ ते ३२ मध्यम आणि ३३ पासून पुढे जास्त गुंतागुंत मानतात, आणि बायपास करायची की स्टेंट घालायचा हे ठरवताना त्याचा उपयोग होतो. दुसरी गोष्ट म्हणजे धमनीच्या भिंतीतला थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो शांत आहे की धगधगता. म्हणजे त्याचे पातळ आवरण फाटून गुठळी होण्याचा संभव किती. ही गोष्ट टक्केवारीत दिसत नाही. अँजिओग्राफीत आपण औषधाने भरलेल्या पोकळीची सावली पाहतो, भिंत पाहत नाही. अमेरिकेतील ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की भिंतीत थर साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूने फुगते आणि थराने सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत पोकळी फारशी अरुंद होत नाही. त्यामुळेच हृदयविकाराच्या अनेक झटक्यांचे मूळ ज्या जागेत निघते, ती आधीच्या अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेली असते.

दाहाचे निर्देशक या दोन गोष्टींपैकी दुसरीशी अधिक जुळतात, पहिलीशी कमी. सीआरपी आणि गेन्सिनी किंवा सिंटॅक्स गुणांक यांची सांगड घालणारे अभ्यास पुष्कळ झाले आहेत; काहींत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही, आणि दिसतो तिथेही तो गटाच्या सरासरीत असतो. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराचेही तेच. भाच्याने वाचलेले खोटे नाही, पण सौम्य आणि गंभीर आजाराच्या गटांतले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एका माणसाचे ४.९ पाहून त्याच्या धमनीत काय आहे हे सांगता येत नाही. त्यातच ते गुणोत्तर संसर्गाने, स्टेरॉइडने, शस्त्रक्रियेच्या ताणानेही वाढते, आणि आपल्याकडे तर पू असलेली दाढ आहे.

मग सीआरपी निरुपयोगी आहे का? नाही. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील निरोगी पुरुष डॉक्टरांचे साठवलेले रक्त तपासले, तेव्हा सीआरपीच्या सर्वांत वरच्या चौथाईतील लोकांना पुढील वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण खालच्या चौथाईच्या सुमारे तिप्पट निघाले. पुढचा धोका सांगण्यासाठी हे महत्त्वाचे आहे, आणि २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत २ किंवा त्याहून अधिक एचएस-सीआरपी हा धोका वाढवणारा घटक म्हणून नमूद आहे. पण पुढे काय घडू शकेल हा एक प्रश्न आणि आज धमनी किती तुंबली आहे हा दुसरा. सीआरपी पहिल्याच्या उत्तरात थोडी भर घालते, दुसऱ्याचे उत्तर ती देत नाही.

आणखी एक बाब, जी बहुतेक लेखांत सुटते. ज्यांच्या जनुकांमुळे सीआरपी जन्मभर थोडे जास्त राहते, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. उलट इंटरल्यूकिन-६ चा निरोप ज्यांच्या शरीरात जन्मतः मंद पोहोचतो, त्यांना तो कमी होतो. म्हणजे सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. आग लावणारा साखळीत त्याच्या वर बसलेला आहे. २०१७ च्या कँटोस चाचणीने हेच माणसांवर तपासले. आधी झटका येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून अधिक असलेल्या १०,०६१ रुग्णांत, साखळीत इंटरल्यूकिन-६ च्याही वर असलेल्या इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणारे कॅनाकिनुमॅब हे औषध दिले. कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढील झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. प्राणघातक संसर्ग मात्र वाढले, आणि औषध अतिशय महाग. त्यामुळे ते हृदयविकारासाठी वापरात आले नाही. धमनीकाठिण्यात दाहाचा वाटा आहे, हे मात्र त्यातून पक्के झाले.

आपल्या वडिलांच्या बाबतीत एफएफआर ०.८६ हा प्रत्यक्ष दाब मोजून काढलेला आकडा आहे. सीआरपी वाढले म्हणून अँजिओग्राफी पुन्हा करण्याचे मला काहीही कारण दिसत नाही. दात दाखवावा, ॲस्पिरिन चालू असल्याचे दंतवैद्यांना आधी सांगावे, हिरडी बरी झाल्यावर त्याच प्रयोगशाळेत सीआरपी दोनदा मोजावे.

शेजारच्या काकांबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. त्यांचे ०.७ हे स्टॅटिन घेत असतानाचे आहे. स्टॅटिन कोलेस्टेरॉलबरोबर सीआरपीही खाली आणते. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत रोझुव्हास्टॅटिन २० ने ते सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले होते. ज्या गोळीने आकडा खाली आणला, तीच गोळी आकडा खाली आहे म्हणून बंद करणे, हे रक्तदाब गोळीने १२० वर आला म्हणून गोळी थांबवण्यासारखे आहे. बायपासने धमन्यांतील थर जात नाहीत, फक्त बाजूने नवा रस्ता निघतो. पाय दुखत असतील तर सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासावे, मात्रा किंवा औषध बदलता येते. पण ते डॉक्टरांशी बोलून.

प्रतिसाद : एक सभासद

माझा अनुभव थोडक्यात देते. मला अकरा वर्षे ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि सीआरपी बहुतेक वेळा १५ ते २५ च्या मध्ये असते. दोन वर्षांपूर्वी धाप लागू लागली म्हणून सीटी अँजिओ केली, तिन्ही धमन्या स्वच्छ निघाल्या. त्या दिवशी मी पेढे वाटले. नंतर माझ्या डॉक्टरांनी समजावले, की या आजारात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट धरतात, म्हणून आज धमन्या स्वच्छ असल्या तरी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा काटेकोर ठेवायचे. आकडा मोठा आणि धमन्या मोकळ्या, हेही होऊ शकते एवढेच सांगायचे होते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक उपप्रश्न विचारतो. पुण्याहून धाकट्या भावाने निरोप पाठवला आहे, की गाउटची जुनी, स्वस्त कोल्चिसिनची गोळी आता हृदयासाठी देतात आणि ती सीआरपी कमी करते. औषधांच्या दुकानात ती सहज मिळते. डॉक्टरांची वेळ महिन्यानंतरची आहे; तोवर सुरू करावी का?

प्रतिसाद : वरीलच सभासद, एमडी मेडिसिन

कृपया करू नये. भावाची माहिती चुकीची नाही, पण अर्धी आहे. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत, झटका आल्यापासून ३० दिवसांच्या आत रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिन सुरू केलेल्यांत झटका, पक्षाघात अशा पुढील घटना २३ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२० च्या लोडोको-२ मध्ये स्थिर आजाराच्या ५,५२२ रुग्णांत ३१ टक्क्यांनी. त्या आधारावर अमेरिकेत २०२३ मध्ये या मात्रेला मान्यता मिळाली. पण २०२४ मध्ये आलेल्या क्लिअर सिनर्जी या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतर दिलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही, जरी सीआरपी उतरले होते. म्हणजे आकडा उतरवणे आणि माणसाला वाचवणे या दोन गोष्टी दरवेळी जोडीने येत नाहीत. दाह कमी करणाऱ्या सर्वच औषधांनी हृदयाला फायदा होतो असेही नाही. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत देऊन पाहिले, तेव्हा झटके तर कमी झाले नाहीतच, सीआरपीही हलले नाही.

शिवाय मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल तर कोल्चिसिन साचून विषारी होऊ शकते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर तर ते धोकादायक ठरते. दाढेसाठी वडिलांना एखादे प्रतिजैविक मिळण्याची शक्यता आहेच. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा) अहवाल हातात घेऊन हा विषय डॉक्टरांकडेच काढावा.

आणि कृपया इथे एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा द्यावा. इतक्या मोठ्या चर्चेत तो अजून आलेला नाही, हे थोडे आश्चर्याचे आहे.

धागाकर्ता (सात आठवड्यांनंतर)

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. ॲस्पिरिन न थांबवता दाढ काढली. दंतवैद्यांनी एक टाका घातला आणि अर्धा तास कापूस दाबून धरायला लावला, रक्त वेळेत थांबले. त्यानंतर चार आठवड्यांनी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, एचएस-सीआरपी मोजले: २.४ आणि २.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. न्यूट्रोफिल ५८, लिम्फोसाइट ३२. यातला किती भाग दाढेचा आणि किती रोझुव्हास्टॅटिनचा, हे आता वेगळे काढता येणार नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या.

एलडीएलबद्दल आपण विचारले होते. अँजिओग्राफीच्या वेळी १४८ होते, आता ८२ आहे. मी ते समाधानाने डॉक्टरांना दाखवले, तर ते म्हणाले की या आजारात ५५ च्या खाली हवे, आणि रात्रीच्या गोळीत एझेटिमाइब १० हे कोलेस्टेरॉल कमी करणारे आणखी एक औषध जोडले. कोल्चिसिनचा विषय मी काढला, क्रिएटिनिन १.५ असल्यामुळे सध्या नको, असे त्यांनी सांगितले. सीआरपी पुन्हा करायचे का, यावर ते म्हणाले की वर्षभर तरी नको.

शेजारच्या काकांना हा संपूर्ण धागा छापून दिला. त्यांनी स्टॅटिन बंद केलेले नाही. थायरॉइड तपासले, टीएसएच बरेच वाढलेले निघाले आणि आता त्याची गोळी सुरू झाली आहे. पाय अजून दुखतात, पण जिना चढताना कमी, असे ते म्हणतात.

एक प्रश्न उरला आहे. दंतवैद्यांच्या मते वरच्या बाजूची आणखी एक दाढ काढावी लागेल, आणि या वेळी हाड थोडे कोरावे लागेल. तेव्हाही ॲस्पिरिन चालूच ठेवतात का, की हृदयरोगतज्ज्ञांचे लेखी पत्र आधी घ्यावे?

प्रतिसाद : वरीलच सभासद, एमडी मेडिसिन

स्टेंट नसला तरी ॲस्पिरिन शक्यतो थांबवत नाहीत. हाड कोरायचे आहे, तेव्हा पत्र अवश्य घ्यावे, आणि दाढ सकाळच्या वेळेत काढून घ्यावी, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झाले तर दवाखाना उघडा असतो.